सात नंबरची ट्यूब

मंगळवारी सकाळी सरांनी एक कागद माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "मावशी, तुमच्या वावटळीने शेवटी घोळ घातलाच."

तुमच्या म्हणजे काय? विद्यार्थिनी सरांची, प्रकल्प सरांचा. पण या प्रयोगशाळेत काही चांगलं झालं की ते सरांचं असतं आणि बिघडलं की माझं. सव्वीस वर्षं मी इथली सहायक आहे. शिकवणाऱ्या बाईंना मुलं मॅडम म्हणतात आणि मला मावशी, मग यंत्रांच्या चाव्या माझ्या कमरेला का असेनात. आता मी वाद घालत नाही. घालते तो मनातल्या मनात, आणि तिथे दर वेळी जिंकते.

वावटळ हे टोपणनाव मीच ठेवलेलं. दुसऱ्या वर्षाची मुलगी, काडीसारखी, दार पूर्ण उघडायच्या आत आत आलेली. पहिल्याच महिन्यात तिने पिपेटला लावायच्या टिप्सची दोन खोकी पाडली आणि एकदा आठ ट्यूबा लेबल न लावता फ्रीजरमध्ये ठेवल्या. त्या आठ कोणाच्या हे शेवटपर्यंत कळलं नाही. डोकं मात्र तल्लख. एखादी गोष्ट का करायची हे विचारणारी सगळ्या वर्गात ती एकटी. बाकीचे कशी करायची एवढंच विचारतात आणि तेही दोनदा. पण सरांनी तिला सगळ्यांसमोर बजावलं होतं, "अजून एक चूक, आणि तुझं नाव यादीत नाही."

ही यादी म्हणजे सुट्टीत एका मोठ्या संस्थेत सहा आठवडे काम करायला जाणाऱ्या चौघांची. बाकी तिघांना ती मौज होती. वावटळीला तशी नव्हती. तिचे वडील बस चालवतात, आणि हे वर्ष संपलं की पोरीला तिकीट खिडकीवर चिकटवायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. ते दुष्ट नव्हेत. त्यांच्या घरात पुढे शिकलेलं कोणी पाहिलेलंच नाही, तर त्यांना दिसणार काय? "सहा आठवड्यांनी तिथलं पत्र घेऊन आले की बाबा ऐकतील," ती मला बाटल्या धुताना सांगायची. बाटल्या धुणं तिचं काम नव्हतं. तरी धुवायची, आणि फोडायची.

आता त्या कागदाचं सांगते. आमच्या मुलांचं काम असं: बागेतून, माळावरून, नाल्याकाठून किडे धरून आणायचे आणि अल्कोहोलमध्ये ठेवायचे. वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू कितीतरी किड्यांच्या पेशींत बिऱ्हाड करून राहतो, आईकडून पिल्लांत जातो. तो कोणाकोणात आहे ते बघायचं. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून किडा ट्यूबमध्ये चिरडून त्याचा डीएनए काढायचा आणि पीसीआर यंत्राला दोन प्रश्न विचारायचे. इथे किडा आहे का? आणि जिवाणू आहे का? जेलवर पट्टी उमटली तर हो. ज्या ट्यूबा दोन्हीला हो म्हणतात त्यांचा डीएनए बाहेर पाठवायचा. तिथे तो अक्षर न् अक्षर वाचला जातो, आणि किडा नेमका कोण ते कळतं.

वावटळीने फाटकाजवळच्या गुलाबावरचा मावा आणला होता, तो हिरवा चिकट मावा, ज्याने कळ्या वाकड्या होतात. तिची सात नंबरची ट्यूब दोन्हीला हो म्हणाली. माव्यात हा जिवाणू सहसा सापडत नाही, त्यामुळे सर दोन दिवस शीळ घालत फिरत होते. आणि तीन आठवड्यांनी हा कागद आला. सात नंबरमध्ये मावा नाहीच, असं कागद म्हणत होता. आत आहे तो गांधीलमाशीच्या कुळातला किडा.

"नऊ नंबर कोणाचा, सांगा," सर म्हणाले.

नऊ नंबर दोन मुलांचा होता. त्यांनी पाण्याच्या टाकीखालची गांधीलमाशी धरली होती आणि तिने त्यांतल्या एकाला धरलं होतं. त्याचा कान चार दिवस भजी झाला होता. नऊ नंबरपुढे लिहिलं होतं, वाचता आला नाही.

"सात आणि नऊची अदलाबदल," सर म्हणाले. "शेंबडं पोरही सांगेल. यादी उद्या दुपारी बारा वाजता जाते, तिचं नाव काढतो. चूक कबूल केली तर प्रकल्पात राहू दे. नाही केली तर तिथूनही बाहेर. तुम्ही बोला तिच्याशी, तुमचं ऐकते ती."

ऐकते, हे खरं होतं. दुपारी मी तिला काचेच्या कपाटामागे बोलावलं. तिथे दोन स्टुलं आहेत आणि कोणाचं रडू आलं तर बाहेर दिसत नाही.

"मी नाही बदलली, मावशी," ती म्हणाली.

"मग गांधीलमाशी आत गेली कशी? उडत?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नसणं हीच तर तुझी खोड आहे. त्या आठ ट्यूबांचं तरी कुठे माहीत होतं?"

मी आवाज मऊ केला. आवाज मऊ केला की मी जास्त धोकादायक होते, असं आमचे हे म्हणतात, आणि ते खोटं नाही. म्हटलं, "हे बघ, चूक कोणाकडून होत नाही? पण झाकलीस तर दोन होतात. शांतपणे आठव. ट्यूबा स्टँडमध्ये ठेवत होतीस. मग काय झालं?"

"काही नाही झालं."

"परत आठव."

तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटले. "कोणीतरी हाक मारली होती बहुतेक."

"हां," मी म्हटलं.

"मी वळले."

"ट्यूब हातात होती?"

"असेल." मग थोडं थांबून, "होती. सात नंबरची. आणि परत ठेवताना मी ती नऊच्या खाचेत ठेवली असेन."

"असेन की ठेवलीस?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "ठेवली," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, सुटली पोर, निदान प्रकल्पात तरी राहील. तिची नोंदवही पुढे केली आणि लिही म्हटलं. तिने ट्यूबा ठेवल्या त्या दिवसाची तारीख घालून अर्धं पान लिहिलं, सुवाच्य, एकही शब्द न खोडता. वावटळीचं एवढं नीट अक्षर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वही मिटून तिने माझ्या हातात दिली आणि थँक्यू मावशी म्हणाली.

संध्याकाळी चहा घेताना हे सगळं मी घरी सांगितलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. माणूस इतका सावकाश की त्यांना वेळेचा धंदा कोणी दिला असा लोकांना प्रश्न पडतो. मी बोलत होते तोवर ते बशीतला चहा निववत होते. माझं संपलं तसे म्हणाले, "तिने सांगितलं, की तू सांगितलंस?"

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन येतं. मी विचारतो, पाडलंत का? नाही म्हणतं. परत विचारतो, नीट आठवा, बेसिनवर, पायरीवर? तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतं, हो हो, परवा पडलं होतं वाटतं. मग उघडतो तर आत नुसता सेल संपलेला. न पडलेली घड्याळं मी लोकांकडून कितीतरी वेळा पाडून घेतली आहेत. आता विचारत नाही. आधी उघडतो."

"मी काय तिच्या तोंडात शब्द घातले?" मी चिडले.

"मी तसं म्हटलं नाही," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. यांचं हे असंच. काडी टाकायची आणि बशी तोंडाला लावायची.

पण काडी पेटली होती. हाक मारल्याचं तिने सांगितलं खरं. त्याच्या पुढचं? ट्यूब हातात होती का, हे मी विचारलं. परत ठेवताना, हे तिच्या तोंडून आलं, पण ती जागा मीच मोकळी करून ठेवली होती. अख्खी संध्याकाळ मी भांड्यांवर राग काढला.

बुधवारी मी आठलाच प्रयोगशाळा उघडली. आधी उघडतो, म्हणे. ठीक आहे, उघडू. वावटळीच्या माव्याची बाटली फ्रीजरच्या दारात होती. एकच किडा चिरडला होता, बाकीचे वीस-बावीस अल्कोहोलमध्ये तसेच होते. त्या दिवशीच्या तिच्या नोंदीत लिहिलं होतं: सर्वांत जाडा मावा घेतला, चिमट्यात पटकन येतो म्हणून. वाचून मी कपाळाला हात लावला. इथेही घाई.

बाटली बशीत ओतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बहुतेक मावे हिरवे, चपटे, अल्कोहोलने फिके पडलेले. पण चार-पाच वेगळे होते. गोल, टम्म फुगलेले, रंग वाळक्या पानाचा. सव्वीस वर्षांत मी हजारो बाटल्या भरल्या आणि धुतल्या, पण आत काय आहे ते बघणं माझं काम नव्हतं.

माळीकाका रोज त्या वेळी आमच्या खिडकीखालच्या नळावर झारी भरतात. मी बशी तशीच घेऊन बाहेर गेले. "काका, तुमच्या गुलाबावरचे हे. यांना काय झालंय?"

त्यांनी बशी उन्हात धरली. "हे फुगलेले होय? हे मी कधी मारत नाही."

"का?"

"मारायचं काय, मेलेलेच असतात. आत दुसराच राहतो. आठ-दहा दिवसांनी पाठीवर गोल झाकण उघडून बारीक माशी निघते, काळी, कमरेत एवढीशी. गांधीलमाशीची धाकटी जाऊ म्हणा. ती जाऊन दुसऱ्या माव्यात अंडी घालते. माझं अर्धं काम तीच करते."

"गांधीलमाशी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"तशीच दिसते. चावत नाही बिचारी."

"काका, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बाग माझ्याकडे आली तेव्हापासून. तुमच्यातलं कोणी विचारलं नाही." त्यांनी झारी उचलली. "तुम्ही लोक येता, किडे खुडता, पळता."

मी आत धावले. या वयात आणि या गुडघ्यांनी धावले, हे मुद्दाम सांगते. एक फुगलेला मावा काचेवर घेतला, दोन सुया घेतल्या आणि त्याची पाठ फाडली. दोनदा सुई घसरली. तिसऱ्यांदा सालपट बाजूला झालं. आत मावा असा उरलाच नव्हता. होती एक पांढरी अळी, वाकून, आपल्याच शेपटाला तोंड लावून, अख्खं घर भरून बसलेली.

मी स्टुलावर बसले आणि हसत सुटले. एकटीच. वावटळीने काही बदललं नव्हतं. तिने सगळ्यात जाडा मावा उचलला होता, आणि तो जाडा होता तो आत गांधीलमाशी वाढत होती म्हणून. घाई तिनेच केली होती, पण चूक केली नव्हती. यंत्राने खरं सांगितलं, मुलीनेही खरं सांगितलं, आणि आम्ही दोन शहाण्यांनी दोघांनाही खोटं पाडलं होतं. छातीवरचा धोंडा उतरला. मग घड्याळ पाहिलं. पावणेअकरा वाजले होते.

सर यादीचंच पत्र टाइप करत होते. मी सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, तिची कबुली आहे. तारीख, खाच, ट्यूब, सगळं लिहून दिलंय तिने."

"ती मी लिहून घेतली," मी म्हटलं.

आता त्यांनी वर पाहिलं.

"दोनदा नाही म्हणाली. मी तिसऱ्यांदा विचारलं. तुम्ही मला तिच्याकडे पाठवलंत आणि मी तुम्हाला हवं ते काढून आणलं. आणि सर, नऊ नंबर वाचता आला नाही एवढंच कागद म्हणतो. अदलाबदल असती तर त्यात मावा निघायला हवा होता. 'मी मावा आहे' असं नऊ नंबर कुठे म्हणाला? तो बिचारा गप्प बसला, आणि आपण त्याची सही गृहीत धरली."

सरांनी खुर्ची मागे सारली. उठून माझ्या मागून आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, यांची पाठ धरली. मग त्यांनी स्वतः सुया मागितल्या आणि दुसरा फुगलेला मावा फाडला. त्यातही अळी. तिसरा फाडायला घेतला तेव्हा मी बशी काढून घेतली. "बाकीचे राहू देत, सर. पोरीला लागतील. आता हा जिवाणू माव्याचा की माशीचा, ते शोधायचं काम निघालंय."

"हो," सर म्हणाले. चष्मा पुसत राहिले. "मला हे सुचायला हवं होतं. हे मी शिकवतो."

माणूस वाईट नाही. त्यांनी जाऊन पत्रात तिचं नाव परत घातलं आणि साडेअकराला, माझ्यासमोर, पाठवलं. पाठवल्याचा तो आवाज झाला तेव्हा माझे गुडघे एकदम दुखायला लागले. तोवर आठवणच नव्हती.

वावटळ दारात उभी होती. दार ढकललं नव्हतं, वाजवलं होतं. हातात तिचा ॲप्रन, धुऊन इस्त्री केलेला, त्यावर लॉकरची किल्ली. "मावशी, हे द्यायला आले. प्रकल्पात राहून काय करू? बाबांना रात्रीच सांगितलं, माझं नाव नसणार म्हणून. ते म्हणाले, ठीक आहे, सोमवारी खिडकीवर बोलून ठेवतो."

"बाबांना फोन कर," मी म्हटलं. "म्हणावं, सोमवारी कुठे जायचं नाही. तुझं नाव गेलं. यादीतून नव्हे, यादीत." आणि तिला ओढत सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मी सगळं सांगितलं, फुगलेला मावा, माळीकाका, झाकण, अळी. तिला अर्ध्यातच कळलं. तिला नेहमीच अर्ध्यात कळतं. वाटलं, आता उडी मारेल आणि काहीतरी फोडेल. ती सरळ झाली आणि म्हणाली, "पण मावशी, मला आठवतंय. मी ट्यूब बदलली ते."

"नाही बदललीस."

"आठवतंय मला. काल झोपताना परत दिसलं. सात नंबर हातात होता, हाक आली, मी वळले, आणि नऊच्या खाचेत ठेवली. खाचेचा गारवासुद्धा बोटांना आठवतोय."

"हाक कोणी मारली?" मी विचारलं.

हे मी काल विचारलंच नव्हतं. तिने क्षणभरही विचार केला नाही. "तुम्ही."

मी तिची वही उघडली आणि तारीख पाहिली. अकरा. काल हीच तारीख माझ्या डोळ्यांसमोर तिने लिहिली होती आणि मी वाचली नव्हती. मी हजेरीचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. अकरा तारखेला माझ्या नावापुढे रजा होती. त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली आणि मी दिवसभर गाल धरून घरी पडले होते. हाक मारणं सोडा, तोंडही उघडत नव्हतं.

तिने हजेरी वाचली, वही वाचली, परत हजेरी वाचली. मग ती खाली बसली आणि रडली. मोठ्याने नाही. खांदे सैल सोडून, ओझं उतरवलेल्या माणसासारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माझं चुकलं गं," मी म्हटलं. "तू नाही म्हणत होतीस. पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं."

ती नाक पुसत म्हणाली, "तुम्ही अजून थोडा वेळ विचारत राहिला असतात तर मी अजून काय काय कबूल केलं असतं, मावशी?"

हा वाद मात्र मी मनातल्या मनातही हरले.

मग तिने ते पान फाडायला धरलं. मी तिचा हात धरला. आमच्याकडे वहीतलं पान फाडत नाहीत आणि नोंद गिरवून काळी करत नाहीत. चुकीची नोंद असेल तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख घालून सही करायची. पुढे कोणी पाहिलं तर चूक काय होती आणि कोणाची होती, दोन्ही कळलं पाहिजे. हा नियम मी दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना ओरडून सांगते.

वावटळीने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, वही स्वतःकडे ओढली.

"दे इकडे," मी म्हटलं. पेन तिच्या हातातून घेतलं, तिच्या त्या सुवाच्य अर्ध्या पानावर एक रेघ मारली आणि बाजूला माझं नाव लिहिलं.